सादळायच्या आत

८ सप्टेंबर

ऑर्डेल,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू भलतंच काही समजला असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: व्हर्लिन अजून आहे. पुढच्या खोलीत खुर्चीत बसून शेजारच्या लव्हॉनच्या कुत्र्यावर पहारा करतोय. ते आपल्या कोबीच्या वाफ्यात शिरेल असा तुझ्या भावाला संशय आहे. यंदा वाफ्यात कोबीच लावलेला नाही, पण ते त्याला कोण सांगणार.

फोनच केला असता. पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, आणि व्हर्लिनच्या हातात फोन देऊन काही उपयोग नाही. त्याचे कान आता पार गेले. सारा जन्म त्या उघड्या ट्रॅक्टरवर बसून काढला, दुसरं काय होणार. कानात घालायची यंत्रं आणली होती, ती बटणांच्या डबीत पडून आहेत. घातली की भांड्यांचा आवाज डोक्यात खिळ्यासारखा जातो म्हणे. मग मी एक पांढरी पाटी आणली. मी लिहिते, तो ओरडून उत्तर देतो. आमच्या घरातलं निम्मं बोलणं अख्ख्या गल्लीला पाठ आहे.

खरं म्हणजे केलच्या पानांमुळे लिहायला बसले. हसू नकोस.

जुलैत त्याला इस्पितळात ठेवलं होतं. हृदयाचं दुखणं, अंगात पाणी साठतं. तुला कळवू का विचारलं तर नको म्हणाला. घरी आलो ते मीठ बंद करून. त्याची रोजची पिशवी तुला आठवत असेल. संध्याकाळच्या बातम्या आणि मांडीवर बटाट्याचे वेफर्स. तळाचा चुरा तुम्ही दोघं तळहातावर ओतून वाटून घ्यायचात, पोरांसारखे. सगळ्यात आधी ती पिशवी गेली. तिथल्या आहार सांगणाऱ्या मुलीने, ब्रिटाने, त्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "आजोबा, भाज्या खा. वाफवून."

"वाफवून?" हा ओरडला. "पोरी, मला अजून दात आहेत!"

बाजूच्या खाटेवरचा माणूस दचकून उठून बसला.

मी वाफवल्या. गाजर वाफवलं, फरसबी वाफवली, फ्लॉवर वाफवून कुस्करला. तो निमूट अर्धं खायचा, ताटली पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "वेगळंच लागतंय." आपल्याकडे 'वेगळंच लागतंय' म्हणजे 'घशाखाली उतरत नाही', ते तुला सांगायला नको. आईच्या हातच्या त्या जिलेटिनमधल्या किसलेल्या गाजरालाही तुम्ही दोघं तेच म्हणायचात. अंगावरचं मांस उतरत चाललं, आणि पाय मात्र सुजलेले. मला काही सुचेना.

मग लव्हॉनच्या बागेत केल माजली, कोबीची ती कुरळ्या पानांची बहीण. शेजारीण म्हणून इतकी वर्षं काढली, पण या बाईला वाफा आवरता येत नाही. दोन गोण्या भरून मागच्या पायरीवर आणून टाकल्या. म्हणाली, "आर्डिस, मुकाट्याने घे. नाहीतर व्हर्लिनच्या गाडीत भरून ठेवीन आणि वर काच लावून घेईन." रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्याला ही पानं सांभाळून द्यावी लागतात, म्हणून ब्रिटाला दोनदा फोन करून विचारलं. त्याला ती गोळी नाही. चालेल म्हणाली.

केलची पानं धुवायची, आणि मग टॉवेलवर पसरून अशी कोरडी करायची की हात लावला तर हाताला ओल लागू नये. दांडे काढून टाकायचे. जरासं तेल घेऊन पानं हाताने चोळायची, बाळाला मालीश करतात तशी. शेपू आणि लसणाची पूड भुरभुरायची, मिठाची आठवण होऊ नये म्हणून थोडं व्हिनेगर शिंपडायचं, आणि मंद ओव्हनमध्ये एकेक पान सुटं ठेवून वाळवायचं. कोणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकले. पहिल्या खेपेला गरम गरमच नाताळच्या निळ्या डब्यात भरली आणि झाकण घट्ट लावलं. संध्याकाळी उघडलं तर सगळी सादळलेली, ओल्या कागदासारखी. तुझ्या भावाने ती सगळी खाल्ली. तक्रार करेल तर व्हर्लिन कसला.

दुसऱ्या खेपेला जमली. मी वाडगा त्याच्या मांडीवर ठेवला आणि वळले, तर मागून हाक आली.

"आर्डिस. हे ऐकू येतंय."

मला वाटलं कान परत आले. पाटीवर लिहिलं, 'काय?'

"हे!" त्याने आणखी एक पान तोंडात टाकलं आणि बोटाने जबडा दाखवला. "आतून येतंय. कुरुम कुरुम!" डोळे एवढाले मोठे. ब्रिटा म्हणाली, हाडातून जातो तो आवाज, त्याला कान लागत नाहीत. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचून वर्ष होऊन गेलं. केलचा पोचतो. असो.

आता मुद्द्याचं. तुझी मार्लिस गेली त्या वर्षी तू चर्चच्या मासळीच्या जेवणाला आला होतास. दुसऱ्या दिवशी तुम्हा दोघांच्या तलावाकाठच्या खोपटातून आपले गळ आणि बादली उचलून ॲरिझोनाला परत निघून गेलास. तेव्हापासून तुम्ही भाऊ बोललेले नाहीत. खोपटावरून बिनसलं असावं असा माझा अंदाज, कारण मला कोणीच काही सांगितलं नाही. मी चर्चच्या तळघरात कॉफीचे कप धूत होते. कोण बरोबर ते मला ठरवायचं नाही. या हिवाळ्यात तुम्ही दोघं एका टेबलाशी बसावं, एवढंच मागते. मागची खोली रिकामी आहे. तलाव गोठायच्या सुमारास ये.

डॉक्टर हिवाळ्याबद्दल बोलायला लागले की फरशीकडे बघतात.

आर्डिस


६ ऑक्टोबर

ऑर्डेल,

निवडुंगाच्या चित्राचं कार्ड मिळालं. 'रस्ता लांबचा आहे. तुझ्यामागे आधीच एवढं, त्यात माझी भर नको.' बरं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, सगळं एका बाजूला झुकलेलं, वारा सुटल्यासारखं. ते कार्ड मी फ्रिजवर लावलं. व्हर्लिनने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "निवडुंग आहे," आणि जाऊन बसला.

इथे पाला गळाला. सकाळी गवतावर पांढरं पडतं. लव्हॉनची केल अजून उभीच आहे, थंडी लागली की ती आणखी गोड होते म्हणे. त्या बाईला देवानेही हात टेकले असतील.

मी आता केलवर थांबलेली नाही. बीट करते, गाजर करते, ती पांढऱ्या गाजरासारखी जाडी पार्सनिप करते. चकत्या अशा पातळ काढायच्या की खालचा हात दिसावा. बीटला आधी जरा पाणी सुटू द्यायचं, मग कपड्यात दाबून घ्यायचं. फरसबी अख्खीच, वेळ खाते पण कुरकुरीत होते. ओव्हनचं दार पूर्ण लावायचं नाही. फटीत लाकडी डाव अडकवून ठेवायचा म्हणजे वाफ बाहेर जाते. हे मला फार उशिरा कळलं. आपण दारं घट्ट लावून घेणारी माणसं, ऊब जाईल म्हणून. पण ऊब राहिली तरी वाफही आतच राहते, आणि सगळं मऊ पडतं.

कुठली भाजी कशी वाजते ते आता त्याला कळतं. डोळे मिटून सांगतो. पार्सनिप म्हणजे नोव्हेंबरातल्या पातळ बर्फावर पाय, गाजर म्हणजे रस्त्यावरची खडी. बीट त्याला विशेष नाही, "ओल्या बुटासारखं," म्हणतो, पण खातो. केल म्हणजे वाळका पाला. मी पाटीवर लिहिलं, 'आणि मी?' म्हणाला, "तू काय वाजणार आता, तू थकलीस."

खरं बोलला. म्हणून तुलाही खरं सांगते, पहिल्या पत्रात जरा झाकून लिहिलं होतं. तो खुर्चीत बसतो असं लिहिलं. तो झोपतोही खुर्चीतच. आडवं झालं की दम कोंडतो. मी बाजूच्या सोफ्यावर असते. वरच्या मजल्यावरचं आमचं अंथरूण उन्हाळ्यापासून घातलेलंच नाही. रोज सकाळी त्याला काट्यावर उभं करायचं, वजन वाढलं तर इस्पितळात फोन करायचा, कारण ते वाढलेलं वजन पाण्याचं असतं. मोजे चढवायला दोघांना मिळून अर्धी सकाळ लागते. मग मी उरलेल्या वेळात गाजरं कापते.

परवा बीट ओव्हनमध्ये होतं आणि मी टेबलावर डोकं टेकलं. एक क्षण. जाग आली ती लव्हॉनने खांदा हलवल्यावर. घरभर काळा धूर, धुराचा भोंगा कोकलतोय, आणि पुढच्या खोलीत व्हर्लिन शांत बसलेला. त्याला काय ऐकू येणार. लव्हॉनने दारं उघडली, ट्रे बाहेर बर्फाळ गवतावर फेकला आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आर्डिस, एक दिवस तुम्ही दोघं भाजून निघाल आणि मला तुमच्या अंत्यविधीला भाजीचे वेफर्स करावे लागतील."

"तुला जमायचे नाहीत," मी म्हटलं. "तू झाकण लगेच लावतेस."

"तोंड वर करून बोलतेय बघा. त्याच्या भावाला बोलाव."

"बोलावलंय."

"काय म्हणाला?"

"भर नको म्हणाला."

"मग?" ती म्हणाली. "एकदा नको म्हटलं ना? त्यात काय एवढं." आणि खिडकी पुसायला लागली.

काल व्हर्लिनने गाजराचा वाडगा संपवला, तळाला राहिलेला चुरा तळहातावर घेतला. आणि हात तसाच धरून राहिला. बाजूला. तुझ्या बाजूला म्हणते मी, तू बसायचास त्या बाजूला. तिथे दिवा आहे आता. थोड्या वेळाने त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने चुरा परत वाडग्यात टाकला. मी भांडी धूत असल्याचं दाखवलं.

ये, ऑर्डेल. गाडी नको चालवूस एवढी लांब, विमानाने ये, लव्हॉन आणायला येईल. भर वगैरे काही नाही. तुझ्यासाठी वेगळं काही करणार नाही, आहे तेच खायचं.

आर्डिस


२ नोव्हेंबर

ऑर्डेल,

या खेपेला कार्ड नाही, पत्र. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं.

तू लिहितोस, बिनसलं ते खोपटावरून नव्हतंच मुळी. मार्लिस गेल्यावर तुला तिकडे एकट्याने राहवेना. त्या जेवणात, बटाटे वाढून झाले आणि कॉफी यायची होती तेव्हा, तू व्हर्लिनला म्हणालास की मी इकडे परत यावं असं मनात आहे, तुमच्या मागच्या खोलीत राहिलो तर चालेल का. आणि तो म्हणाला, "कशाला? तिकडे ऊन आहे तुला." 'माझ्या सख्ख्या भावाने मला दारातून परत लावलं, आर्डिस. आता तू बोलावतेस ते तुझ्या चांगुलपणाने. त्याला मी नको आहे.'

असं लिहिलंस तू.

मी पाटी घेतली आणि पुढच्या खोलीत गेले. लिहिलं, 'ऑर्डेलने मागची खोली विचारली होती?'

वाचून त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "विचारली होती."

'तू नको म्हणालास?'

"म्हणालो की!" केवढ्याने ओरडला. "म्हणजे काय करायचं होतं? त्याने विचारल्या विचारल्या हो म्हणायचं? जनावरं आहोत का आपण?"

मी पाटी पुसली. फडकं सापडेना, बाहीनेच पुसली. लिहिलं, 'मग?'

"मग काय? तो पुन्हा विचारेल म्हणून बसलो मी. मी म्हणणार होतो, 'अरे, गैरसोय होईल तुझी.' मग त्याने तिसऱ्यांदा विचारलं असतं. कॉफीसुद्धा माणूस तीनदा विचारतो, आर्डिस! त्याने एकदाच विचारलं. आणि उठला, कोट घातला, गेला." दम लागला त्याला. थांबून थांबून बोलला. "एवढीच ओढ होती त्याला यायची. एकदा विचारण्याएवढी."

चार वर्षं हा असा बसला आहे, ऑर्डेल. दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत. आणि तू तिकडे त्याच्या बोलावण्याची वाट बघत. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. पाय दुखत होते, मी त्याच्या खुर्चीच्या हातावर बसले.

तुला मी मोठ्या वहिनीच्या नात्याने विचारते. तुझ्या आईने तुला वाढवलं त्याच स्वयंपाकघरात मी पहिली कॉफी प्याले. तिने केकचा तुकडा पुढे केला की तू काय म्हणायचास? 'नको.' मग ती म्हणायची, 'लहानसा.' मग तू म्हणायचास, 'दुसऱ्या कोणाला होईल.' मग ती तो तुझ्या ताटलीत ठेवायची आणि तू दोन घासांत संपवायचास. हे सगळं त्या वाळवंटात उन्हाने उडून गेलं का? तिकडे नको म्हणजे नको असतं, हे मला कळतं. सोपं पडत असेल. पण तू व्हर्लिनला विचारत होतास, दुकानदाराला नव्हे.

आणखी एक. मला त्याच दिवशी आठवलं, आणि मी उठून मागच्या खोलीत जाऊन बघून आले. ती खोली त्याने त्या जेवणाच्या आधीच्या आठवड्यात रंगवली होती. निळसर, तुम्हा दोघांच्या लहानपणीच्या खोलीसारखी. खिडकीची जुनी फटसुद्धा बुजवली. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, "तुझ्या शिवणयंत्रासाठी." माझ्याकडे शिवणयंत्र नाही, ऑर्डेल. मला बटण लावता येतं, तेवढंच. मला तेव्हा वाटलं म्हाताऱ्याला काहीतरी उद्योग हवा असेल.

तू विचारायच्या आधीच त्याने रंग दिला होता.

आता मी काही झाकत नाही. या आठवड्यात त्याचं खाणं उतरलं. गाजर, फरसबी बंद. चावायला दम पुरत नाही. केलची चार-दोन पानं तेवढी खातो, ती जिभेवरच मोडतात. मोडली की डोळे मिटून ऐकतो. डॉक्टर आता फरशीकडे बघत नाहीत, सरळ माझ्याकडे बघतात, आणि ते मला जास्त वाईट वाटतं. नाताळाबद्दल विचारलं तर म्हणाले, "आधी नोव्हेंबर बघू." लव्हॉन रोज दुपारी येऊन बसते, पण दोन मिनिटं गप्प राहणं तिला जमत नाही, आणि बहिऱ्या माणसासमोर ती आणखीच बोलते.

तू दोनदा नको म्हणालास. ते मी मनावर घेतलेलं नाही, ते रीतीचं झालं. आता हे तिसऱ्यांदा विचारते, तुझ्या भावाच्या वतीने आणि माझ्याही: ये. मागच्या खोलीत राहा. परत जायचं काय ते नंतर बघू.

यावरही तू नको म्हणालास तर ते तिकडचं नको आहे असं मी समजेन, आणि पुन्हा लिहिणार नाही. रागाने नव्हे. हात दुखतो.

आर्डिस


१९ नोव्हेंबर, स्वयंपाकघराच्या टेबलावर

ऑर्डेल,

मागचं दार नुसतं लोटलेलं आहे. बूट काढून आत ये.

रस्त्यातून तू फोन केलास तो लव्हॉनला. स्वतःच्या वहिनीला नाही. कारण विचारत नाही; ती धावत सांगायला आली तेव्हा तिच्या एका पायात बूट होता आणि एका पायात सपात, ते बघूनच मी भरून पावले. मी सांगूनही गाडी घेऊनच निघालास. ऐकलंस तर तोरवालांच्या घरातला कसला.

मी वर झोपले आहे. आमच्या अंथरुणावर, आडवी. चादर बदलून घेतली. मला उठवू नकोस. ओव्हन कसा लावायचा, टॉवेल कुठले, काहीसुद्धा विचारायला उठवू नकोस. घराला आग लागली तरच उठव, आणि तेही आधी स्वतः विझवायचा प्रयत्न करून.

लव्हॉन त्याच्यापाशी बसली आहे. तुझी गाडी दिसली की ती उठेल. तिला कॉफी विचार, ती नको म्हणेल, पुन्हा विचार, नको म्हणेल. तिला मात्र तिसऱ्यांदा विचारू नकोस, नाहीतर ती रात्रीच्या जेवणापर्यंत हलायची नाही.

तो बदललाय. तयारीने आत जा. खूप लहान झालाय, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडते. तुला बघून काही बोलला नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. तू येतोयस हे मी पाटीवर लिहिलं तेव्हाही फक्त म्हणाला, "तिथला दिवा हलव." तो दिवा मी कोपऱ्यात नेऊन ठेवला आहे आणि त्याच्या जागी तुझी खुर्ची मांडली आहे.

केलची पानं धुऊन टॉवेलवर पसरली आहेत, सकाळपासून वाळतायत. हाताने नीट बघ, ओल असली तर आणखी थांब. दांडे काढले आहेत. तेल थोडंच, बशीत काढून ठेवलंय तेवढंच. मीठ कपाटातच राहू दे, तू कितीही हळहळलास तरी. पानावर पान पडू देऊ नकोस. ओव्हन मंद आणि दाराच्या फटीत लाकडी डाव. तो हुकाला टांगलाय. तिथेच उभा राहा, टेबलावर डोकं टेकू नकोस, तूही दोन दिवस गाडी चालवून आला आहेस. कडा जराशा तपकिरी व्हायला लागल्या की काढ.

गार होऊ दे. डब्यात भरायची गरजच नाही, तशीच वाडग्यात घे. आणि लगेच आत ने, सादळायच्या आत.

पाटीवर मोठंमोठं काही लिहीत बसू नकोस. रस्ता कसा होता, तिकडे हवा कशी, ते सगळं राहू दे. तू शेजारी बस. आधी तू एक पान खा, त्याला तुझा जबडा हलताना दिसू दे. मग वाडगा त्याच्यापुढे धर.

तो मान हलवेल. नको म्हणेल, कदाचित ओरडूनच म्हणेल. वाडगा तसाच धरून ठेव आणि पुन्हा विचार. "तुला होऊ दे," म्हणेल. तेव्हाही वाडगा खाली ठेवू नकोस.

आणि कोट काढून ठेव. दाराजवळच्या खुंटीवर नको, ती त्याच्या खुर्चीतून दिसते. मागच्या खोलीत, पलंगावर.

आर्डिस